परमुलखातली मराठी

एकदा मी एकटीच कोलकात्याला गेले होते. स्टेशनवर बहिणीशी फोनवर बोलून झालं, तसे बाकावर शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, “ताई, साताऱ्याकडच्या ना तुम्ही? माझं आजोळ तिकडचं.” परमुलखात आपली भाषा ऐकून जीव सुखावला. बॅग त्यांच्याजवळ ठेवून मी चहा आणायला गेले, त्यांच्यासाठीही घेतला. परतले तर बाक रिकामा होता. दोन्ही हातांत कप धरून मी कितीतरी वेळ तशीच उभी होते.

बॅगेचं दुःख केव्हाच विरलं. पण परवा जयपूरच्या बाजारात मागून एक बाई लेकीला विचारत होती, “दमलीस का गं?” इतकी मायेची मराठी, आणि माझा हात आधी पर्सवर गेला.