काही न लिहिल्यास फाट्यावर

गेल्या सोमवारी, सकाळच्या मीटिंगमध्ये, आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना त्यांच्या हडपसरच्या कंपनीने बसचा प्रोग्रॅम लिहिण्याच्या कामावरून काढलं. कंत्राटी कामगारांसाठी पत्रकं वाटता वाटता मी बरेच अन्याय ऐकलेत, पण या अन्यायाचं कारण ऐकून जिन्यातच बसले. काका कुणालाही गृहीत धरत नाहीत, हा त्यांचा गुन्हा.

गृहीत धरण्याचा इतका संताप असलेला माणूस पुण्यात दुसरा नसेल. वेटरने "नेहमीचंच ना?" विचारलं की काका म्हणतात, "नेहमीचं म्हणजे काय ते बोल, मग हो म्हणतो." मुलीच्या लग्नात पत्रिकेवर 'सहकुटुंब' लिहू दिलं नाही. प्रत्येक घरातलं प्रत्येक नाव लिहिलं, पत्रिका वर्तमानपत्राएवढी झाली. काकू अजून म्हणतात, "वाचून होईपर्यंत लग्न लागलं." पण काकांच्या एका म्हाताऱ्या आत्याने ती पत्रिका फ्रेम करून लावलीय. आयुष्यात पहिल्यांदा तिचं नाव छापून आलं होतं.

काका हास्केल नावाच्या फंक्शनल भाषेत प्रोग्रॅम लिहितात. पॉलिमॉर्फिझम म्हणजे काय, हे त्यांनी मला दुधाची पिशवी हातात असताना समजावलं. "हुकूम एक, पाळणारे अनेक. सहा वाजले, 'चला घरी' म्हटलं. साहेब गाडी मागवतात, मी स्कूटर काढतो, झाडलोटीच्या मंगलताई कंपनीची बस धरतात. ज्याची त्याची रीत ज्याच्या त्याच्या नावापुढे लिहायची. आणि लिहिली नाही, तर सगळ्यांसाठी आधीच लिहून ठेवलेली एक रीत लागू होते. तिला डीफॉल्ट म्हणतात. माझं भांडण तिच्याशी."

भांडण खरं होतं. कंपनीच्या बसच्या प्रोग्रॅममध्ये इंजिनिअरच्या नावापुढे 'दारात' लिहिलेलं, पाहुण्यांपुढे 'हॉटेलात'. काहीच लिहिलं नसेल, तर डीफॉल्ट: हायवेचा फाटा. झाडलोट करणाऱ्या बायकांना बस मिळाली तेव्हा कुणीतरी त्यांचा गट यादीत घातला आणि पुढे काही लिहिलंच नाही. कॉम्प्युटरने हूं की चूं केलं नाही, कारण रिकामी जागा डीफॉल्टने गुपचूप भरली होती. मंगलताईंची वस्ती लोणी काळभोरच्या आत. "ड्रायव्हर म्हनतो, माझ्या स्क्रीनवर हितंच हाय, उतरा," त्या मला सांगत होत्या. "म्हनलं, आरं बाबा, तिथनं उसाच्या कडंकडंनं अंधारात जायचं हाय." कित्येक महिने हे चाललंय आणि कुणाच्या लेखी त्यात चूक नाही!

काकांना कळलं त्या दिवशी त्यांनी डीफॉल्टची ओळच पुसली. प्रोग्रॅम तपासणारा कंपायलर त्यांनी आधीच कडक करून ठेवलेला. त्याला रिकामी जागा दिसली आणि तो अडून बसला. नेमके तेव्हा सोमवारच्या मीटिंगमध्ये ग्राहक प्रोग्रॅम बघायला समोर बसलेले. साहेब म्हणाले, "अहो, सगळं सुरळीत होतं ना?"

काका म्हणाले, "प्रोग्रॅम अडला ते लगेच दिसलं आपल्याला. बाई अडली ते दिसलं नाही."

दुपारी ती ओळ परत आली. काका घरी आले.

आता ते संध्याकाळी स्कूटर घेऊन फाट्यावर उभे असतात, जास्तीचं हेल्मेट हँडलला अडकवून. मंगलताई बसल्या की विचारतात, "कुठे सोडू?" त्या हसतात. "रोज काय इचारता साहेब, घर काय जागा सोडतंय व्हय?" काका उत्तर मिळाल्याशिवाय किक मारत नाहीत. मंगलताईंना आता ते उत्तर द्यायला आवडतं, असं मला वाटतं. त्या पूर्ण पत्ता सांगतात, अगदी दारातल्या लिंबासकट.

पण स्कूटर एक आहे, मागची सीट एक आहे, आणि बसमधून उतरणाऱ्या बायका बऱ्याच आहेत. त्या स्कूटर निघेपर्यंत बघत उभ्या राहतात, मग चालू लागतात.

तुमच्याही ऑफिसला बस असेल. आज निघताना झाडलोट करणाऱ्या ताईंना विचारा, बस त्यांना कुठे सोडते. 'फाट्यावर' म्हणाल्या, तर ती ओळ कुणाची ते शोधा आणि त्याच्याकडून पुसून घ्या. तोवर तुम्ही दारात उतरू नका.