काठावरचा हंडा

धरणाच्या काठावर गळ्यापर्यंत भरून ठेवलेला तो स्टीलचा हंडा अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पळसदेवजवळच्या एका गावात मी तेव्हा पोलीस पाटील होते. आमचे मालक, म्हणजे नवरा, वारल्यावर ते काम माझ्याकडे आलं होतं. नावं लिहीत नाही. माणसं अजून तिथंच राहतात.

सकाळी एका मच्छीमाराने दारात हाक मारली. "अक्का, पाण्यात बाई हुती. मी काठाला आणलीया."

मी ठाण्याला खबर दिली आणि साहेब येईपर्यंत प्रेताजवळ कोणाला जाऊ दिलं नाही. बाई वरच्या वस्तीवरची, ऊसवाल्या घरची सून. तिचा नवरा आला आणि त्याने थेट मच्छीमाराकडे बोट केलं.

"ही पाण्याला आली की ह्यो मागं आसायचा. ह्येनंच बुडवली."

"म्हणून ह्यालाच बरी घावली," मागून कुणीतरी म्हणालं.

दुपारपर्यंत मच्छीमार कोठडीत होता. शवविच्छेदनात बुडून मृत्यू, एवढंच आलं.

पंचनाम्याच्या वेळी काठावर ठेवलेल्या तिच्या हंड्यावरचे ओघळ वाळून पांढरे झालेले दिसले. साहेबांनी त्यावर बोट फिरवलं. "पाटीलबाई, हे काय?"

"खाऱ्या पाण्याचे डाग. वरच्या वस्तीची हीर खारी हाय, सायेब."

"डाग जुने असतील. पाणी मात्र आत्ताचं आहे," ते म्हणाले. हंड्यातलं, धरणातलं आणि विहिरीतलं पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत भरून प्रयोगशाळेसाठी सील केलं. थोडं लगेच तपासायला बाहेर ठेवलं.

इंदापूरहून एका ठिबकवाल्याला बोलावलं. खताचं पाणी तपासायला त्याच्याकडे पेनासारखा मीटर होता. पाण्यात क्षार जितके जास्त तितकी वीज त्यातून सहज जाते, आणि मीटर तेच मोजतो, असं त्याने सांगितलं. तो घाई करेना. आधी पुडीतल्या ठरलेल्या द्रावणात मीटर बुडवून आकडा बरोबर येतो का ते पाहिलं. बाटल्या सावलीत ठेवल्या, कारण तापलेल्या पाण्यात आकडा चढतो. मग धरणाचं पाणी घेतलं. आकडा खालीच राहिला. विहिरीच्या पाण्यात कितीतरी पट वर गेला. हंड्याच्या पाण्यातही तो तिथंच जाऊन थांबला.

साहेबांनी नवऱ्याला बोलावलं. मीटरचं नाव काढलं नाही, चहा दिला.

"तुमच्यात स्वयंपाकाला पाणी कुठलं?"

"धरणाचं. हिरीच्या पाण्यात डाळ शिजत न्हाय."

"त्यासाठीच ती गेली होती?"

"व्हय. हंडा भरून ठेवला आन् ह्येनं गाठली."

"धरणातच भरला?"

"मग काय घरनं भरून न्हील, सायेब?"

साहेबांनी बाटल्या पुढे ठेवल्या आणि आकडे सांगितले.

"मीटर बिघडलं आसंल," तो म्हणाला.

ठिबकवाल्याने त्याच्यासमोर परत बुडवून दाखवलं. आकडा तोच आला. तेव्हा त्याने सगळं सांगून टाकलं.

ती विहिरीवर भांड्यांसाठी पाणी भरत होती. तिथं भांडण झालं. त्याने तिला आत ढकललं आणि वर येऊ दिलं नाही. मग ट्रॉलीतून तिला काठावर आणून पाण्यात सोडलं आणि खरं वाटावं म्हणून तिनंच भरलेला हंडा शेजारी ठेवला. डाळ शिजत नाही हे तो जेवताना ऐकून होता; हंडा त्याने जन्मात कधी भरला नव्हता, म्हणून आतलं पाणी बदलावं हे त्याला सुचलंच नाही. पुढे प्रयोगशाळेनेही हंड्यातले क्षार त्याच विहिरीचे ठरवले.

मच्छीमार सुटला तेव्हा कोठडीतल्या माराने त्याचा हात सुजलेला होता. ठाण्याच्या पायरीवर मला म्हणाला, "अक्का, मी तिला तशीच सोडली आसती तर?"

"चांगलं केलंस तू."

"तुमी म्हणताय," तो म्हणाला आणि चालू लागला.

पुढे एकदा पाण्यात कापडासारखं काहीतरी तरंगत होतं. मी काठावरून होडीतल्या त्या मच्छीमाराला हाक मारली, हात करून दाखवलं. त्याने पाहिलं आणि होडी दुसरीकडे वळवली. ते नुसतं पोतं होतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हापासून ठाण्यात नवे साहेब आले की मी एकच सांगत असे, खबर घेऊन येणाऱ्याला आधी बसायला खुर्ची द्या.