खडूच्या रेघेतल्या विहिरी

आष्टीजवळच्या एका शाळेत मी भूगोल शिकवते. पृथ्वीच्या अंतरंगाचा धडा इतका पाठ झालाय की फळ्यावर वर्तुळं काढताना मनात संध्याकाळच्या भाजीचा विचार चाललेला असतो. त्या वर्षी मात्र एका मुलीने मधेच विचारलं, "मॅडम, खाली जाऊन कोणी बघितलं?"

"कोणीच नाही."

"मंग कसं माहीत?"

मी भूकंपलहरींचं सांगितलं. वेगवेगळ्या थरांतून जाताना त्यांचा वेग बदलतो, त्या वळतात, त्यावरून कळतं. वर्गाचे चेहरे कोरेच राहिले. खरं तर मलाही ते नीट कळलेलं नव्हतं; पुस्तकातली वाक्यं तेवढी येत होती.

माझे वडील, अण्णा, तेव्हा माझ्याकडे राहायला आले होते. त्यांनी उभी हयात विहिरी खोदल्या, टेंभुर्णीपासून हसनाबादपर्यंत. जमिनीत खरोखर उतरलेला माणूस घरातच आहे, तर मुलांशी गाठ घालून द्यावी, असं वाटलं. मुख्याध्यापकांना विचारून त्यांना वर्गात आणलं. अण्णा जयंतीला घालायचा पांढरा शर्ट घालून आले. खुर्ची दिली तरी उभेच राहिले.

"वरती काळी माती," ते सांगू लागले. "तिच्याखाली मुरूम. मंग मांजऱ्या, म्हंजे भोकंभोकं असलेला दगड. मंग काळा पाषाण, त्याला सुरुंगच लावा लागतो. अन् तो फोडला की कधी कधी पुन्हा माती. लाल, गेरूवाणी. तिच्याखाली पुन्हा पाषाण."

"दगडाच्या खाली माती?" मुलं ओरडली. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मी गोंधळले. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून आपलं पठार झालं, हे मी कॉलेजात घोकलेलं. पण एक थर थंड होऊन दुसरा येईपर्यंत मधे माती तयार व्हावी इतका काळ गेला असेल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. फळ्यावर भूकवच, प्रावरण, गाभा एवढंच होतं. हो म्हणावं तर धड्यात नाही, नाही म्हणावं तर अण्णा समोर उभे.

"असतं तसंही," एवढंच मी म्हणाले.

अण्णांचं लक्ष तोवर फळ्याकडे गेलं होतं. "ह्याच्यात मी कितव्या थरापर्यंत गेल्तो?"

त्यांची सगळ्यांत खोल विहीर साठ फुटांची. आणि भूकवच म्हणून मी जी बाहेरची रेघ ओढली होती, तीच तीस-चाळीस किलोमीटरची. मी खडू उचलला आणि परत ठेवला. शेवटी तीच मुलगी उठली आणि रेघेवर बोट ठेवून म्हणाली, "बाबा, तुम्ही ह्या रेघेतच आहात. तीबी पार झाली न्हाई."

वर्ग हसला. अण्णा हसले नाहीत. "मंग एवढं जड कसं लागलं?" ते फळ्याकडे बघतच म्हणाले.

घरी जाताना मी विचारलं, "अण्णा, वाईट वाटलं का?"

"न्हाई माय. पण तिथवर कोणी गेलं न्हाई, तर चित्र काढलं कशावरून?"

मी पुन्हा लहरींचं सांगू लागले. अडखळत होते. अर्ध्यातच त्यांनी थांबवलं.

"म्हंजे ठोकून आवाज ऐकतेत. आम्हीबी पहारीनं ठोकायचो. घट्ट दगड खणखण वाजतो, पोकळ असला की बद्द. त्यात काय अवघड हाय?"

इतकी वर्षं मला जे धड सांगता आलं नव्हतं, ते त्यांनी चालता चालता उरकलं. की ते काहीतरी वेगळंच बोलत होते? घर येईपर्यंत मी जुळवून बघत होते. काही जुळत होतं, काही सुटत होतं.

सहामाहीच्या पेपरात मी नेहमीचा प्रश्न घातला: पृथ्वीच्या अंतरंगाचे थर लिहा. गुण तीन. निम्म्या वर्गाने लिहिलं: माती, मुरूम, मांजऱ्या, पाषाण, लाल माती, पुन्हा पाषाण. मी लाल पेन हातात घेतलं. चूक म्हणावं तर त्यात चुकीचं एक अक्षर नव्हतं. असं लिहिलेल्या सगळ्यांना मी दोन-दोन गुण दिले. दोन कशाचे दिले आणि एक कशाचा कापला, हे कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. कोणी विचारलं नाही.