राजीनामा जिचा तिनंच द्यायचा

आबांनी राजीनाम्यांचे सात कागद माझ्या टेबलावर टाकले आणि वर पेपरवेट ठेवला.

“भाऊसाहेब, एवढे मंजूर करून टाका. सोमवारच्या मीटिंगच्या आत झालं पायजे.”

त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर तात्या बसले होते. मला नवल त्याचंच वाटलं. वरच्या आळीचे पुढारी तात्या, खालच्या आळीचे आबा. एक मारुतीच्या देवळात असला तर दुसरा बाहेरूनच हात जोडून जायचा. आणि आज दोघं एकाच टेबलावर चहा पीत होते.

मी ग्रामसेवक. म्हणजे ग्रामपंचायतीचा सरकारी सचिव. सभा बोलवायच्या, ठराव लिहायचे, घरपट्टी वसूल करायची, वरून आलेले आदेश खाली सांगायचे आणि खालच्या शिव्या वर पोचू द्यायच्या नाहीत. गावात आम्हाला भाऊसाहेब म्हणतात. ही गोष्ट आळेफाट्यापासून फार लांब नसलेल्या एका गावातली. गावाचं नाव सांगत नाही, कारण माणसं अजून तिथंच राहतात. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं.

हे सात राजीनामे म्हणजे आख्खी पंचायत होती. सातही बायका.

बायकाच का, तर पुरुषांची सोय म्हणून. त्या वेळी सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं. काही जागाही राखीव होत्या. उरलेल्या जागांवर दोन्ही गट अडून बसले. मागच्या निवडणुकीत डोकी फुटली होती, पोलीस पाटील कंटाळले होते. शेवटी कुणीतरी तोड काढली की सगळ्याच जागांवर बायका बसवा, निम्म्या तुमच्या, निम्म्या आमच्या. कारभार काय, आपण पारावर बसून करूच. निवडणूक बिनविरोध झाली. गुलाल पुरुषांनीच उधळला.

सरपंच झाल्या हिराबाई. तात्यांच्या धाकट्या भावाची बायको. उपसरपंच यमुना, आबांची सून. तात्यांच्या घरातूनच आणखी एक सदस्य होती, त्यांची बायको कौसाबाई. सगळ्यांत वयस्कर चंद्रभागाबाई, दोन्ही आळ्यांना घाबरत नसत कारण दोन्ही आळ्यांतल्या निम्म्या पोरांना त्यांनी न्हाऊमाखू घातलं होतं.

पहिलं वर्षभर सभा कशी चालायची? बायका यायच्या, सह्या-अंगठे करायच्या, चहा प्यायच्या, जायच्या. ठराव पारावरून तयार होऊन यायचे. मीही ते लिहून घ्यायचो.

एकदा मी सवयीनं अजेंडा वाचून संपवला आणि म्हणालो, “अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय. काही नाही ना?”

“म्हंजी काय?” चंद्रभागाबाईंनी विचारलं.

मी सांगितलं, की यादीत नसलेलं काही बोलायचं असेल तर सरपंचांना विचारून आत्ता बोलता येतं.

“मग हिरे, मला बोलायचंय.”

सरपंचबाईंना त्या हिरे म्हणत. हिराबाई म्हणाल्या, “बोला की.”

“आमी बसायचं कुठं?”

मला आधी कळलं नाही. खोलीतल्या बाकी सगळ्यांना कळलं. तेव्हा गावात संडास चारदोन घरी असतील. कॅनॉलचं पाणी आल्यापासून ऊस वाढला होता, आणि उसात बिबट्या शिरला होता. शेजारच्या गावात एका बाईवर त्यानं झडप घातली होती. म्हणून बायका रस्त्याच्या कडेला बसायच्या. गाडीचा उजेड आला की उभं राहायचं, गाडी गेली की पुन्हा बसायचं. पाय दुखणाऱ्या म्हातारीनं किती वेळा उठायचं?

चंद्रभागाबाई हे सगळं बोलल्या. कुणी हसलं नाही.

एसटी थांब्याजवळ पंचायतीची मोकळी जागा होती. यमुना बारावी शिकलेली. तिनं विचारलं, “ती जागा आपलीच हाय ना? मग तिथं बायकांसाठी संडास बांधता यील का?” मी म्हणालो, जागा पंचायतीची, ठराव केला तर प्रस्ताव पाठवता येईल. त्यांनी हात वर केले. सातच्या सात. पारावरून न आलेला तो पहिला ठराव.

मी तो लिहिला, आणि त्याच संध्याकाळी गावात दोन्ही आळ्यांचा समेट झाला.

त्या जागेवर म्हणे गाळे काढायचे होते. आळेफाटा वाढत होता, रस्त्याकडेच्या दुकानाला भाव येणार होता. निम्मे गाळे तात्यांच्या माणसांना, निम्मे आबांच्या. आधी तात्यांनी हिराबाईंना घरीच सांगितलं, ठराव मागं घ्या. त्या म्हणाल्या, “भावजी, सभेनं केलाय. मी एकटी कसा मोडू?” त्यानंतर हे राजीनामे आले. बायका घालवायच्या आणि नव्या निवडणुकीत राखीव नसलेल्या जागांवर आपण बसायचं, असा साधा हिशोब.

मी कागद पाहिले. मजकूर एकाच अक्षरात, खाली सह्या आणि अंगठे.

“तात्या, सरपंचांचा राजीनामा माझ्याकडे चालत नाही. तो पंचायत समितीच्या सभापतींकडे द्यावा लागतो.”

“मग तिकडं देऊ.”

“बाकीच्यांचे सरपंचांच्या नावे. ते मासिक सभेत ठेवावे लागतील. ज्या सदस्याचा राजीनामा, तिला विचारून खात्री करायची. मगच मंजूर.”

आबा हसले. “आमीच इचारून आनलेत की.”

“तुम्ही विचारून चालत नाही, आबा. सभेनं विचारायचं.”

तात्यांनी कप खाली ठेवला. “भाऊसाहेब, पोरगी नारायणगावच्या शाळेत हाय ना तुमची? चांगली शाळा हाय. बदली झाली तर हाल व्हतील पोरीचं.”

मी दुसऱ्या दिवशी विस्तार अधिकाऱ्यांकडे गेलो. विस्तार अधिकारी म्हणजे आम्हा ग्रामसेवकांवरचे साहेब. सगळं ऐकून ते म्हणाले, “नियमात काय आहे?”

मी सांगितलं.

“मग मला काय विचारताय? आणि हे बघा, मी तुम्हाला काहीही सांगितलेलं नाही.”

घरी बायकोला बदलीचं सांगितलं. ती म्हणाली, शाळा दुसरीकडे पण असतात. आमच्या घरात वाद एवढाच झाला.

सभेच्या दोन दिवस आधी यमुना ऑफिसात आली. उभ्यानंच बोलली. “भाऊसाहेब, माझा तेवढा मंजूर करा. मामा म्हनालेत, न्हाईतर माहेरी जा. लेकरू हितंच ठेवनार म्हंत्यात.”

“हे तुम्ही उद्या सभेत सांगा,” मी म्हणालो. “मला एकट्याला सांगून उपयोग नाही.”

ती गेली. मला वाईट वाटलं. नियम सांगणं सोपं होतं, तिला घरी जायचं होतं.

सोमवारी सभेला गाव लोटलं. कोरम, म्हणजे सभा कायदेशीर ठरण्याइतकी हजेरी, ती तर होतीच. सातही जणी आल्या होत्या. पुरुष खिडक्यांना लागले होते. आबा आणि तात्या दारातच उभे होते. मी अजेंडा वाचला आणि राजीनाम्यांचा विषय घेतला.

पहिलं नाव चंद्रभागाबाईंचं. “हा राजीनामा तुम्ही स्वखुशीने दिला आहे का?”

“कसला राजीनामा? मला म्हनाले डोल मंजूर झालाय, अंगठा द्या.” डोल म्हणजे निराधारांची पेन्शन. मग त्या दाराकडे वळल्या. “आबा, तुला न्हाऊ घालताना पान्यात बुडवला असता तर बरं झालं असतं रे.”

खिडकीत हशा पिकला. मी “नाही” असं लिहून घेतलं.

पुढच्या तिघींनी खाली बघून “नाही” म्हटलं. एकीचं “नाही” तर मला दोनदा विचारून घ्यावं लागलं, इतकं हळू होतं.

मग कौसाबाई, तात्यांची बायको. त्या उठल्या. “माझा हाय राजीनामा. मीच देते. मला घरात शांतता पायजे.” हिराबाईंनी जावेकडे पाहिलं. दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. पण राजीनामा खरा होता. हिराबाई म्हणाल्या, “मंजूर. लिवा, भाऊसाहेब.”

राहिली यमुना.

मी विचारलं. तिनं दाराकडे पाहिलं. पुन्हा विचारलं. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही.

दारातून आबा ओरडले, “अगं सांग की! हो म्हन! काल घरी काय ठरलंय?”

हिराबाई माझ्याकडे वळल्या. “भाऊसाहेब, सदस्य नसलेल्या मान्साला सभेत बोलता येतं का?”

“नाही. ऐकायला बसता येतं. गोंधळ केला तर अध्यक्ष बाहेर जायला सांगू शकतात.”

“अध्यक्ष कोन?”

“तुम्ही.”

हिराबाई उभ्या राहिल्या. अंगानं बारीक बाई. डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाल्या, “आबा, बाहेर व्हा. भावजी, तुमीबी.”

तात्यांचा चेहरा काळानिळा झाला. आपली भावजय, जिनं कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. आबा म्हणाले, “काय राव, राणीचं राज्य आलं का काय गावात?”

“राणी असते तर कुनाला इचारलं नसतं,” हिराबाई म्हणाल्या. “सरपंच हाय, म्हनून एकेकीला इचारतीय. ती सांगंल ते लिवायचं. हो म्हनली तर हो लिवू. पन तुमी दारात असताना न्हाई. व्हा बाहेर.”

कुणीतरी मागून म्हणालं, “चला तात्या, नियम हाय.” ते दोघं पायरी उतरले. शिपायानं दार लोटलं.

हिराबाई खाली बसल्या. त्यांनी यमुनाला विचारलं, “आता सांग. घाई न्हाई. जे सांगशील त्याला आमी काय बी म्हननार न्हाई.”

यमुनानं आपला राजीनाम्याचा कागद पुढं ओढला. मग म्हणाली, “सही माझी हाय. मामांनी करायला लावली. मी राजीनामा देत न्हाई.” आणि लगेच, “लेकराला मी सोडनार न्हाई. ते बी लिवून घ्या.”

ते ठरावात बसत नव्हतं. तरी मी लिहून घेतलं.

सभा सुटल्यावर सहाही जणी तिला घरी पोचवायला गेल्या, राजीनामा मंजूर झालेल्या कौसाबाईसुद्धा. आबा ओट्यावर बसले होते. चंद्रभागाबाई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि अंधार पडेपर्यंत उठल्याच नाहीत. पुढं बरेच दिवस आबांनी सुनेच्या हातचं पाणी घेतलं नाही. यमुनाचा नवरा वाशी मार्केटला कांद्याचा टेम्पो घेऊन जायचा. तो परत आला, सगळं ऐकलं, आणि बापाला एवढंच म्हणाला, “तिची सही, ती बघंल. पोरगं तिच्याजवळच राहील.”

हिराबाईंचा राजीनामा सभापतींकडे कुणी नेलाच नाही. संडास झाले. पाण्याची टाकी झाली, आत दिवे लागले. त्या कामात दोनदा अडथळे आले, तेही निस्तरले. कौसाबाईंच्या रिकाम्या जागेवर पोटनिवडणूक लागली. ती जागा राखीव नव्हती. तिथं तात्या स्वतः उभे राहिले आणि बिनविरोध निवडून आले. उरलेली मुदत ते सहा बायकांच्या मध्ये बसले. बोलायचं असलं की हात वर करायचे आणि भावजयीकडे बघायचे. हिराबाई दर वेळी परवानगी द्यायच्या. एकदाही नाकारल्याचं मला आठवत नाही.

माझी बदली झालीच. जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगरात, जिथं पावसाळ्यात एसटी येईल की नाही ते ड्रायव्हरलाही माहीत नसायचं. आदेशात कारण लिहिलं होतं, प्रशासकीय.

इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर मला कळलं ते एवढंच. कुणाला नावापुरतं बसवायचं असेल तर फोटो लावावा आणि हार घालावा. जिवंत माणसाला खुर्ची दिली, की कधी ना कधी ते त्या खुर्चीचे अधिकार विचारतं. आणि ते सांगण्याचाच मला पगार होता.