प्रॉमिसात कोन मरतं?

शेजारच्या काकू तव्यावर मशेरी भाजत होत्या. जळक्या तंबाखूच्या त्या वासाने मला शिंक आली आणि मी मनाने थेट शेणवे गावातल्या माहेरच्या पडवीत पोचले.

आईच्या हिरड्या सुजल्या होत्या. डॉक्टरांनी मशेरी बंद करायला सांगितलं होतं. बाबा हटूनच बसले, "गळ्याला हात लाव नि पोरांची शप्पथ घे."

आई घाबरली. "नाय बा! मशेरी सुटली नाय तर पोरांना काय होईल?"

मी तेव्हा सातवीत होते. इंग्रजीच्या बाईंनी शपथेहून मोठा म्हणून शिकवलेला शब्द मी ऐटीत पुढे केला. "आई, प्रॉमिस म्हण."

"त्यात कोन मरतं?"

"कोनीच नाय."

आईचा चेहरा उजळला. तिने बाबांच्या हातावर हात मारून खणखणीत प्रॉमिस केलं आणि संध्याकाळी चुलीवर मशेरीचा तवा ठेवला. बाईंचा तो मोठा शब्द आमच्या घरात जेमतेम दुपारभर मोठा राहिला.

बाबा ओरडले, तर आई म्हणते, "केलं ना प्रॉमिस! कुनाला काय झालं का?"

तेव्हा मी पोट धरून हसले होते. काल माझी लेक दारातून ओरडली, "आठला घरी येते, आई, प्रॉमिस!" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "त्यात कोन मरतं गो?"