निंबापासून पुढे

निंबाच्या झाडाजवळ आलं की रत्नमाला गाडी थांबवायची. तिथून गाव जेमतेम अर्धा किलोमीटर. ती उतरायची, कमरेला खोचलेल्या निऱ्या सोडायची, डोक्याचा रुमाल काढून पदर घ्यायची आणि मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसायची. तोवर मागे बसलेला तिचा नवरा शेषराव पुढे सरकून हँडल धरायचा. गावातल्या लोकांना मग दिसायचं ते असं, की शिलाई मशीनचा मिस्त्री गाडी घेऊन आला आणि मागे त्याची बायको बसलेली आहे. लोकांना पाहायला आवडतं तसंच.

जऊळक्याच्या घरापासून तिथवर अठरा किलोमीटर गाडी तिनं आणलेली असायची, हे फक्त त्या निंबाला माहीत.

शेषरावला मिरगी होती. तीन वर्षांपूर्वी एका कामावरून परतताना त्याला गाडीवरच झटका आला आणि तो रस्त्याकडेच्या चारीत जाऊन पडला. वाशिमच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, एकही गोळी चुकवायची नाही, आणि मी सांगेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. आता मशीन दुरुस्त करणारा माणूस गाडीला हात लावणार नसेल तर जाणार कसा? चाळीस गावं, एसटीच्या दोन फेऱ्या, आणि हत्यारांची पेटी वीस किलोची. घरात दोघांनी ठरवलं, की लोकांना मणक्यात गॅप आहे म्हणून सांगायचं. मणक्यातल्या गॅपला कोणी हसत नाही. अर्धा जिल्हा तो घेऊन फिरतो. मिरगी म्हटलं की मात्र माणसाच्या हातचं पाणी प्यायलाही लोक कचरतात, घरात बोलावून मशीन खोलायला देणं तर दूरच.

म्हणून मग बेचाळिसाव्या वर्षी रत्नमाला गाडी शिकली. स्कूटी नव्हे, गिअरची मोटारसायकल. शेषराव बांधावर उभा राहून ओरडायचा आणि ती सोयाबीन निघालेल्या वावरात गोल गोल फिरायची. पहिल्या दिवशी तिनं क्लच एकदम सोडला, गाडीनं पुढचा पाय उचलला आणि ती मागच्या मागे ढेकळांत बसली. दुसऱ्या दिवशी सायलेन्सरनं पोटरीवर डाग दिला. तो अजून आहे. चौथ्या दिवशी शेषरावनं मागच्या सीटवर सोयाबीनचं पोतं बांधलं.

"हे कायले?" ती म्हणाली.

"हे मी हाओ असं समज. एकटी चालवणं येगळं आन् माणूस घेऊन चालवणं येगळं."

पोतं धड बांधलेलं नव्हतं. दुसऱ्याच फेरीला ते डावीकडे घसरलं. रत्नमालानं हँडल उजवीकडे कितीही ओढलं तरी गाडी डावीकडेच गेली आणि शेजारच्या तुरीत घुसली. शेजारीण हिरीबाई धुऱ्यावरून म्हणाली, "मिस्त्री कुठी पाडला वं?" रत्नमाला हसून हसून तुरीतच बसून राहिली. शेषराव मात्र हसला नाही. तो म्हणाला, "ध्यानात ठेव. हँडल कोणाच्याबी हातात असो, गाडी वजनाचं आयकते."

पुढे तिनं वाशिमला गाडीनं आठचा आकडा काढून लायसन घेतलं. पाय टेकवला नाही एकदाही. त्या दिवशी शेषरावनं तिला पावशेर जिलेबी खाऊ घातली. त्याचं स्वतःचं लायसन पेटीच्या तळाशी गेलं.

सगळं नीट चाललं असतं. पण एका गावच्या दुकानदारानं भर चौकात विचारलं, "काय मिस्त्री, बायकोनं आनलं का आज?" लोक हसले. त्या दिवशी शेषरावनं एकही मशीन नीट लावलं नाही. दोन दिवस तो जेवताना मान वर करत नव्हता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "रत्ना, गाव आलं का मले देत जाय. नुसतं वेशीपासून. दुसऱ्या गिअरच्या वर नेत नाई."

तिनं नाही म्हणायला हवं होतं. तिलाही ते कळत होतं. पण भांडून जिंकता येईल असा चेहरा नव्हता त्याचा. अर्धा किलोमीटर तर आहे, असं स्वतःला समजावून ती हो म्हणाली, आणि तेव्हापासून दर गावाचा तो अर्धा किलोमीटर ती श्वास धरून बसू लागली.

दिवाळीनंतरच्या त्या सोमवारी काम मोठं होतं. निंबाच्या गावी बेबीबाईंच्या बचत गटाच्या शिलाई केंद्रातली बाराच्या बारा मशीनं पाहायची होती. शेषराव सकाळपासून गप्प होता. निंबाजवळ उतरल्यावर तिनं विचारलं, "बरं वाटते ना? का मीच नेऊ?"

"काहून? आज तर सारं गाव पाहते," तो म्हणाला, आणि किक मारली.

निंबापासून रस्ता उताराचा आहे. डाव्या अंगाला घरकुलाच्या बांधकामासाठी टाकलेली वाळू, तिच्यापुढे वळणावर जिल्हा परिषदेची शाळा. सव्वादहा झाले होते. घंटा व्हायची होती आणि पोरं फाटकासमोर रस्त्यातच खेळत होती. रत्नमाला डावीकडे तोंड करून बसलेली, म्हणून तिला शेषरावचा डावा हात दिसत होता. क्लचवरचा अंगठा हलला. खड्डा असेल, तिला वाटलं. अंगठा पुन्हा हलला, आणि मग थांबेचना.

हे ती ओळखत होती. आधी डावा अंगठा, मग ओठांची चपचप, मग सगळं अंग.

"अवो! गाडी थांबवा. थांबवा म्हणते ना!"

त्यानं ऐकलंच नाही. त्याची पाठ लाकूड झाली होती. उजवी मूठ आवळून पिळली गेली तशी गाडी गरजली आणि उतारावर सुटली. रत्नमालानं ब्रेककडे हात नेऊन पाहिला, पण एका बाजूला बसलेल्या बाईचा हात हँडलपर्यंत पोचतो कुठे? निऱ्या खोचलेल्याच ठेवून दोन्हीकडे पाय टाकून बसली असती तर पोचला असता. समोर पोरं. एक मुलगी पाठमोरी उभी राहून वेणी बांधून घेत होती. रत्नमाला ओरडली, पण गाडीच्या आवाजात ते कोणाला ऐकू जाणार!

वाळू जवळ आली. तीच शेवटची जागा होती. वाळू गेली की शाळाच.

आणि तिला ते पोतं आठवलं. गाडी वजनाचं ऐकते. तिनं शेषरावच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारली, पायदानावर उठली आणि अख्खं अंग डावीकडे झोकून दिलं, नवऱ्यासकट. गाडी कलली, वळली, वाळूत पुढचं चाक रुतलं आणि तिघंही आडवी झाली. तो, ती आणि गाडी.

चाक हवेत गरगरत होतं. तिचा पाय गाडीखाली होता. तिनं आधी चावी बंद केली, मग पाय ओढून काढला, मग शेषरावकडे सरकली. त्याचं अंग झटके खात होतं. तिनं त्याला कुशीवर वळवलं, तोंडातली वाळू पुसली आणि डोक्याखाली आपला पदर घातला. पाठमोरी मुलगी आता तोंड फिरवून पाहत होती. तिची वेणी अर्धीच राहिली होती.

गाव जमलं. कोणी कांदा आणला, कोणी पायातली चप्पल काढून शेषरावच्या नाकाशी आणली. "कांदा नको न् चप्पल नको," रत्नमालानं ती हातानं बाजूला सारली. "दोन मिनिटं त्यायले तसंच राहू द्या."

त्याच्या खिशातून गोळ्यांची पट्टी वाळूत पडली होती. तिनं उचलली. काल रात्रीची गोळी जागच्या जागी होती. गोळीनं सकाळी हात जड होतात, आणि आज बारा मशीनं होती. म्हणून! तिला इतका संताप आला की तो शुद्धीवर असता तर चार लोकांत तिनं त्याला धरून हलवला असता. आणि खरं म्हणजे स्वतःलाही.

शेषरावनं डोळे उघडले. कुठे आहोत ते त्याला कळायला वेळ लागला. कळल्यावर त्यानं ते पुन्हा मिटले.

बेबीबाई केंद्रातून धावत आल्या होत्या. "मिस्त्रीले चक्कर आली का वं? का मणक्याचंच?" त्यांनी विचारलं.

मणका तयारच होता. तीन वर्षं तो कामाला आला होता, आताही आला असता. रत्नमालानं शाळेच्या फाटकाकडे पाहिलं.

"मणका नाई बाई," ती म्हणाली. "यायले मिरगी हाये. औषध चालू हाये. गाडी मी चालवते, जऊळक्यापासून. इथं निंबापासून हे चालवत होते, ते माझंच चुकलं."

शेषराव डोळे मिटून पडला होता, पण त्याच्या पापण्या ओल्या झालेल्या तिला दिसल्या. तिला त्याची दया आली, पण बोललेला शब्द तिनं मागे घेतला नाही. चप्पलवाला माणूस मुकाट्यानं चप्पल पायात घालून निघून गेला.

"आज मशीन राहू दे," बेबीबाई शेवटी म्हणाल्या. पुढच्या सोमवारी या, असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत.

तो आठवडा वाईट गेला. दोन गावांहून निरोप आले, की इतक्यात येऊ नका. शेषराव ओसरीत बसून स्वच्छ असलेली हत्यारं पुन्हा पुन्हा पुसत राहिला. रविवारी संध्याकाळी बेबीबाईंचा फोन आला. "बाया भेत होत्या," त्या सरळच बोलल्या. "मी म्हटलं, मशीन खोलाले काय गाडी चालवा लागते? या उद्या. दोघंबी या."

सोमवारी निंबाजवळ येताच रत्नमालाचा पाय सवयीनं ब्रेकवर गेला. गाडी थांबली. पुढचा उतार, वाळू, शाळा, सगळं तिथंच होतं आणि फाटकासमोर तशीच पोरं होती. तो आता काय मागेल, हे तिला माहीत होतं. या वेळी नाही म्हणायचं, हे तिनं घरूनच ठरवलं होतं.

शेषराव उतरला नाही.

"रातची गोळी घेतली म्या," तो मागून म्हणाला.

तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"घेतली, तरीबी तूच चालव. आन् पोरायपाशी हळू घे."

त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. रत्नमालानं निऱ्या कमरेला पुन्हा घट्ट खोचल्या, पहिला गिअर टाकला आणि भर दिवसा, साऱ्या गावासमोर, नवऱ्याला मागे बसवून ती उतार उतरली.