उस्तादांच्या हातची रिंग

मोहिउद्दीनला घरजावई म्हणून चिडवण्यात मजा नाही, कारण तो चिडतच नाही. पाना पुसतो आणि म्हणतो, "घर बी त्याह्यचं, गॅरेज बी त्याह्यचं. मी फक्त इंजिन खोलतो." ही थाप आहे. इंजिन खोलतो तोच आणि बांधतोही तोच. फक्त पिस्टनवर रिंगा चढवत नाही.

रिंगा चढवायच्या त्या अब्रार उस्तादांनी. उस्ताद म्हणजे त्याचे सासरे. उमरखेडच्या त्या गॅरेजचा तो रिवाजच आहे. मोहिउद्दीन बाजूला उभा राहून एकेक रिंग, दाब अडवणारं ते लोखंडी कडं, हातात देतो. उस्ताद बिस्मिल्ला म्हणून ती घेतात, एका बाजूला तेल चोळतात, उलटवतात, दुसऱ्या बाजूला चोळतात, पुन्हा सरळ करतात आणि पिस्टनवर बसवतात. लोक पुसदहून इंजिनं आणतात ती या हातांसाठी. मीही त्यातलाच. मी राजदीप, फुलसावंगी ते उमरखेड काळीपिवळी जीप चालवतो.

माझ्या जीपचं टर्बोवालं इंजिन त्यांनी बांधून दिलं आणि आठच दिवसांत माझी शोभा झाली. मागून निळा धूर. खालून तेल. फुलसावंगीच्या स्टँडवर मी उभा राहिलो की पानवाला गिऱ्हाइकांना सांगायचा, "सरका रे, राजदीपची म्हैस आली." तेल मोजायची पट्टी आपोआप वर सरकून यायची. मी तणतणत गॅरेजात गेलो. उस्ताद नात्यातल्या लग्नासाठी बाभुळगावला गेले होते, म्हणून माझं सगळं तोंड मोहिउद्दीनवरच सुटलं.

त्यानं ऐकून घेतलं. मग जीप सुरू करून तेल ओतायचं झाकण काढलं आणि तिथंच उलटं ठेवलं. उकळत्या भांड्यावरच्या झाकणासारखं ते थडथड उडायला लागलं.

"बॅक कॉम्प्रेशन," तो म्हणाला. वरचा दाब रिंगांच्या कडेनं खाली पळतो, इंजिनच्या पोटात कोंडतो आणि मग जिथं सील सापडेल तिथून तेल बाहेर ढकलतो, हे त्यानं मला समजावलं. आधी त्यानं दाब बाहेर जायची नळी काढून फुंकून पाहिली. मोकळी होती. मग टर्बोकडून तेल परत येणारा पाइप सोडून डब्यात घातला, इंजिनकडचं भोक बुजवलं आणि जीप पुन्हा सुरू केली. टर्बो हवा ढकलत असता तर झाकण आता शांत बसलं असतं. ते तसंच उडत राहिलं. म्हणजे खोट रिंगांतच.

मोहिउद्दीननं इंजिन बंद केलं आणि बराच वेळ हात पुसत बसला. हात स्वच्छ झाले तरी पुसत होता.

दुसऱ्या दिवशी पिस्टन बाहेर आले तेव्हा मी तिथंच होतो. रिंगेच्या एका बाजूला बारीक खूण असते, ती बाजू वर हवी. त्यानं मला एकेक पिस्टन दाखवला. वरच्या रिंगांची खूण खाली होती. एखादी चुकली असती तर समजलं असतं, पण इथं चारही पिस्टनवर तेच.

"मी सीधी देतो," तो म्हणाला. "ते तेल लावून उलटवतात. मंग परत सीधी कराची, ते आता इसरून राह्यले."

"मग सांग ना त्यांना! माझी जीप काय शिकवणीला ठेवली हाय?"

"कोन सांगन? एकडाव चष्म्याचं बोललो, तं दोन दिवस जेवले नाई. अतिया मनते, अम्मी गेली, आता अब्बाजवळ हेच एक राह्यलं, याले हात लावू नका." अतिया म्हणजे त्याची बायको. तो रिंगेकडेच पाहत होता. "मले बाभुळगावले सोताचं गॅरेज टाकाचं होतं, राजदीपभाऊ. पन मी गेलो तं उस्तादच्या मांगं पाहीन कोन? आन राह्यलो, तं असे किती इंजिन परत येतीन?"

मला त्याचा राग आला होता, तो कुठं गेला कोण जाणे. त्याच्या जागी मी असतो तर कधीच पळालो असतो, हेही कळत होतं, आणि त्याची लाज वाटली. त्यानं नव्या रिंगा सरळ बसवल्या. जीपचा धूर गेला, झाकण निवांत पडून राहिलं. उस्ताद परतल्यावर त्यांना काय सांगायचं ते आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. टर्बोचं सील गेलं होतं, असं.

हीच आमची अक्कल. कारण हे ऐकून उस्ताद खूश झाले. "मले वाटलं माह्या हातचं काही चुकलं," ते म्हणाले. जीप परत आल्याचं फोनवर कळल्यापासून चार दिवस त्यांना झोप नव्हती म्हणे. आता रिंगांच्या बाबतीत त्यांचा स्वतःच्या हातावरचा विश्वास पक्का झाला. "आता अल्ला हात देते तोवर दुसऱ्याले रिंगेले हात लावू देनार नाई."

मोहिउद्दीन माझ्याकडे पाहून हसला. तसलं हसू मला पुन्हा पाहायचं नाही.

पुढं धावजी म्हणून एका गिऱ्हाइकाच्या पिकअपचं इंजिन आलं. मी तेल बदलायला गेलो होतो. मोहिउद्दीननं मला बाजूला घेतलं. "तोडगा सापडला. मी उलटीच देतो. ते एकडाव पलटवतीन, आपोआप सीधी बसन." बऱ्याच दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा दिसला.

उस्ताद स्टुलावर बसले. बिस्मिल्ला म्हणून हात पुढं केला. मोहिउद्दीननं पहिली रिंग उलटी दिली.

उस्तादांचं बोट रिंगेवरून फिरलं आणि थांबलं.

"काहून रे, उलटी देऊन राह्यला?" त्यांनी रिंग फिरवून खूण वर केली आणि मला दाखवली. "पाहा राजदीप, जावई मनते मी तयार झालो. याच्या भरोशावर गॅरेज सोडू?"

"चुकलं, उस्ताद," मोहिउद्दीन म्हणाला.

उस्ताद हसले. मग त्यांनी सरळ केलेल्या रिंगेला एका बाजूनं तेल चोळलं. उलटवली. दुसऱ्या बाजूनं चोळलं आणि तशीच, खूण खाली, पिस्टनवर बसवली.

"हं, आन दुसरी," म्हणत त्यांनी हात पुढं केला.

मोहिउद्दीनच्या हातात दुसरी रिंग होती. त्यानं ती सरळ धरली, मग उलटी केली, मग पुन्हा सरळ. उस्तादांचा हात तसाच पुढं होता.